रस्त्यावरचा जखमी आणि आपले दोन हात

सुरतेच्या कतारगामची पापडी नावाजलेली. तिच्यावाचून उंधियुला चव नाही, असे सुरतकर सांगतात. त्या पापडीच्या वाड्यांच्या जागी आता हिऱ्यांचे कारखाने, वसाहती आणि रस्ते झाले आहेत. जिथून बैलगाडी निघे, तिथे आज मोटारी, टेम्पो आणि मोटारसायकलींची रीघ लागलेली असते. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? सुरतेजवळून येणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग वापी, तलासरी, चारोटी, मनोर असा खाली उतरत आपल्या वसईच्या शेजारून मुंबईला जातो. भाजी, केळी, फुले घेऊन आपली माणसे भल्या पहाटे याच रस्त्यावर असतात. तिथे एखादी गाडी आपटली, तर जखमीजवळ पहिला पोहोचणारा माणूस डॉक्टर नसतो की पोलीसही नसतो. तो तुमच्या-आमच्यासारखा वाटसरू असतो.

४ सप्टेंबर २०२२ चा रविवार आठवा. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक मोटार दुपारी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सोबती असे मागे बसलेले दोघे गेले. त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. पुढचे दोघे पट्टा बांधून बसले होते. ते जबर जखमी झाले, पण वाचले. आसपासची माणसे मदतीला धावली. मागच्या बाकावरही पट्टा बांधावा, हा धडा तेव्हा सर्वांनी घेतला. दुसरा धडा मात्र धावून जाणाऱ्यांसाठी आहे. धावणे चांगलेच, पण हातांना काय करायचे ते ठाऊक हवे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. यांतील सर्वच वाचण्यासारखी नव्हती, पण वेळीच योग्य हात लागला असता तर काही घरांतला दिवा विझला नसता.

प्रथम काय करावे?

आधी स्वतःला सांभाळा. आपली गाडी कडेला लावा, दिवे लुकलुकते ठेवा. एका माणसाला मागे बऱ्याच अंतरावर उभे करा. त्याने लाल फडके किंवा बॅटरी हलवून येणारी वाहने थोपवावीत. आदळलेल्या गाडीची चावी बंद करा. जवळ कोणालाही विडी पेटवू देऊ नका, पेट्रोल सांडलेले असू शकते.

लगेच १०८ ला फोन करा. गुजरातेत ही सेवा २००७ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. म्हणजे कतारगाम असो की चारोटी, नंबर एकच. गावाचे नाव, जवळचा पूल किंवा किलोमीटरचा दगड, वाहन मुंबईच्या बाजूला जात होते की सुरतेच्या, जखमी किती आणि कोणी आत अडकले आहे काय, एवढे सावकाश सांगा. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नका.

ओढाओढ करू नका

आमच्या लोकांची मोठी चूक इथेच होते. चार जण हात-पाय धरतात आणि जखमीला ओढून बाहेर काढतात. मानेचे किंवा पाठीचे हाड मोडलेले असेल, तर त्या एका हिसक्याने माणूस जन्माचा लुळा होतो. गाडीने पेट घेतला असेल, ती पाण्यात जात असेल किंवा दुसरे वाहन आदळण्याचा धोका असेल, तरच बाहेर काढा. एरवी त्याचे डोके दोन्ही हातांनी शरीराच्या सरळ रेषेत धरून ठेवा आणि त्याच्याशी बोलत राहा. श्वास अडत नसेल, तर मोटारसायकलवाल्याचे हेल्मेट काढू नका.

ओरडणारा जखमी श्वास घेत असतो. म्हणून जो गप्प पडला आहे, त्याच्याकडे आधी जा. श्वास चालू असून शुद्ध नसेल आणि ओकारी येत असेल, तर तिघाचौघांनी मिळून डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून त्याला ओंडक्यासारखे कुशीवर वळवा. श्वासच नसेल, तर त्याला पाठीवर सपाट झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबत राहा. थकलात की दुसऱ्याला बसवा, पण दाब थांबू देऊ नका.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ पंचा, टॉवेल, लुगड्याचा पदर, जे मिळेल ते घडी करून जखमेवर जोराने दाबा. निदान दहा मिनिटे उचलून पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. काच किंवा सळई रुतली असेल तर उपटू नका, तिच्या दोन्ही बाजूंना दाबा. हळद, माती, चुना, तंबाखू यांतले जखमेत काहीही भरू नका.

पाणी, चहा, दारू काही पाजू नका. बेशुद्धाच्या घशात ते अडकते, आणि शस्त्रक्रिया करावी लागली तर पोट रिकामे लागते. कांदा किंवा चप्पल हुंगवून शुद्ध येत नाही. अंगावर गोधडी किंवा कोरडे पोते घाला, ऊब जाऊ देऊ नका.

गाडी येण्यास फार उशीर होणार असेल आणि १०८ वरून तसे सांगितले, तर जखमीला फळीवर सपाट झोपवून टेम्पोतून न्या. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. पहिल्या तासाचे मोल सोन्याचे असते.

भीती कशाची?

'पोलीस मागे लागतील, कोर्टाच्या फेऱ्या होतील' म्हणून माणसे पुढे निघून जातात. ही भीती पूर्वी खरी होती. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात स्कूटरवरच्या जखमीला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही. त्याला २० किलोमीटरवर पाठवले आणि तो वाटेतच गेला. जखमीला वाचवणे हे आधी, कागदपत्र नंतर, असा निकाल तेव्हा न्यायालयाने दिला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४ अ हे कलम आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटला किंवा भरपाईचा दावा होऊ शकत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही आणि साक्षीदार व्हावे की नाही, हे तोच ठरवतो. उपचाराचे पैसे त्याच्याकडे मागता येत नाहीत.

या मदतनीसाला इंग्रजी कायद्यात जे नाव दिले आहे, ते आपल्या शुभवर्तमानातले. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर याजक आणि लेवी जखमीला पाहून पलीकडून निघून गेले. शोमरोनी थांबला. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि खर्चाचे दोन दिनारही दिले. त्याच्याजवळ होते तेवढे तेल, द्राक्षारस आणि चिंध्या त्याने वापरल्या. आज वाट तीच आहे, फक्त डांबरी झाली आहे, आणि जखमेवर काय घालावे याचे ज्ञान तेव्हापेक्षा वाढले आहे.

म्हणून आमची एक सूचना. प्रत्येक धर्मग्रामातील युवकांनी आणि महिला मंडळाने पावसाळ्याआधी एक दिवस प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे. रेडक्रॉस किंवा सेंट जॉन अँब्युलन्सची माणसे असे वर्ग घेतात. भाजीच्या प्रत्येक टेम्पोत दोन स्वच्छ पंचे, एक फळी, दोरी आणि बॅटरी ठेवावी. फार खर्च नाही. उद्या त्या पंच्याखाली कोणाचे रक्त थांबेल, ते आपल्याला आज ठाऊक नाही. कदाचित आपल्याच घरचे असेल.