‘आमच्या रक्तातच वात आहे’, पण किती?

आदिवासी पट्ट्यात भाताची लावणी, नारायणगाव-मंचरकडे टोमॅटोची तोडणी, कांद्याची काढणी. जुन्नर-आंबेगावात सगळं हातांवर चालतं. त्यामुळे आईची बोटं सुजली की ‘कामाचा वात’ म्हणून विषय संपतो. आजीलाही तेच असेल, तर पुढचं वाक्य ठरलेलं, ‘रक्तातच आहे आमच्या.’ स्थळ बघताना मात्र हेच दुखणं लपवलं जातं!

आधी एक हिशोब बघा. आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघरी पाहणी केली. मोठ्या माणसांपैकी साधारण १८ टक्के लोकांचं काही ना काही दुखत होतं. पण रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात, होता जेमतेम अर्धा टक्का लोकांना. म्हणजे घरातला प्रत्येक ‘वात’ हा आमवात नसतो.

आणि असला तरी? यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए-डीआरबी१ या जीनचे काही प्रकार वारशात आले, की धोका वाढतो, हे खरंय. पण फक्त धोका. जुळ्या भावंडांचंच घ्या ना. अगदी एकसारखे जीन्स असलेल्या जुळ्यांत एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच निघालं. बाकीच्यांचे जीन्स तेच, आजार नाही! पीटीपीएन२२ या जीनमधला जो बदल युरोपात धोक्याचा ठरतो, तो भारतीयांत जवळपास सापडतच नाही. त्यामुळे तिकडच्या जीन टेस्टवर पैसे घालवू नका.

विडी-सिगारेटचं तेवढं मनावर घ्या. डीआरबी१चे ते प्रकार अंगात असताना धूम्रपान केलं, तर धोका आणखी वाढतो. जीन बदलता येत नाही, विडी सोडता येते.

आईची बोटं सकाळी तासभर आखडलेली राहतात का? दोन्ही हातांची बारीक पेरं सुजलीत का? असं सहा आठवडे चाललं असेल, तर लेप लावत बसू नका. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होणं बऱ्याचदा टळतं. मेथोट्रेक्झेट लिहून दिलं, तर गोळीचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही.