कमी धावेच्या गाडीला हायब्रीडचा खर्च परवडेल काय?

वसई तालुक्याच्या पश्चिम किनारपट्टीवर, वाड्या-बागांच्या परिसरात वटार हे गाव वसलेले आहे. मुंबईकडे नोकरीस जाणारी मंडळी नालासोपारा किंवा विरार स्थानक गाठून उपनगरी रेल्वेने प्रवास करतात. अशा कुटुंबाच्या दारात मोटारगाडी असली, तरी ती बहुधा बाजार, दवाखाना व लग्नकार्य एवढ्यापुरतीच बाहेर पडते. तिची धाव वर्षाला ४,००० किलोमीटर धरल्यास, पेट्रोल वाचविणारी हायब्रीड गाडी घेणे हितावह ठरेल काय? निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम खर्ची पडण्यापूर्वी हा हिशेब मांडणे अगत्याचे आहे.

हायब्रीड म्हणजे काय?

या गाडीत पेट्रोलचे इंजिन व विद्युत मोटर अशी दोन्ही साधने असतात. एरवी ब्रेक लावताना उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा येथे विजेच्या रूपाने बॅटरीत साठविली जाते आणि गाडी मंद गतीने चालताना उपयोगात आणली जाते. त्यामुळे गर्दीच्या रस्त्यावर पेट्रोलची बचत विशेष होते. जपानमध्ये १९९७ साली टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ विक्रीस आली. भारतात २०२२ साली होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर या गाड्या पूर्ण हायब्रीड स्वरूपात उपलब्ध झाल्या. ‘माइल्ड हायब्रीड’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मात्र विजेचे साहाय्य अल्प असते. हा भेद खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावा.

बचतीचा हिशेब

उदाहरणादाखल असे समजू की, हायब्रीड गाडी साध्या गाडीपेक्षा २ लाख रुपयांनी महाग आहे. पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये आहे. साधी गाडी लिटरमागे १४ किलोमीटर व हायब्रीड २१ किलोमीटर धावते. वर्षाला ४,००० किलोमीटरसाठी पहिलीला सुमारे २८६ लिटर, तर दुसरीला सुमारे १९० लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे वार्षिक बचत सुमारे ९,५०० रुपयांची. वाढीव किंमत भरून निघण्यास ८४,००० किलोमीटर धाव, अर्थात २१ वर्षे लागतील. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी मात्र १५ वर्षांची असते. शिवाय तेच २ लाख रुपये ६ टक्के दराने ठेवीत गुंतविल्यास वर्षाला १२,००० रुपये व्याज मिळेल. पेट्रोलच्या बचतीपेक्षा ही रक्कम अधिक आहे! गाडी विकताना वाढीव किमतीचा काही भाग परत मिळू शकेल. परंतु केवळ त्या आशेवर खरेदी करणे शहाणपणाचे नव्हे.

याउलट, वर्षाला २०,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीची वाढीव किंमत याच हिशेबाने चार वर्षांच्या आसपास वसूल होते. भाड्याने चालणारी वाहने किंवा दररोज मोटारीने दूरवर जाणारे नोकरदार यांना म्हणूनच हायब्रीड उपकारक ठरते.

बॅटरी व पर्यावरण

हायब्रीडच्या बॅटरीची हमी सामान्यतः ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंत असते. वर्षाला ४,००० किलोमीटर धावणारी गाडी ८ वर्षांत केवळ ३२,००० किलोमीटर जाईल व हमी तेथेच संपेल. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणेही बॅटरीस हितकारक नसते.

एक लिटर पेट्रोल जळाल्याने सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. त्यामुळे वर्षाला ९५ लिटर पेट्रोलची बचत नगण्य मानता येणार नाही. तथापि, रेल्वेने रोज ये-जा करणारे कुटुंब इंधनाची त्याहून मोठी बचत आधीच करीत असते.

तात्पर्य, गाडी घेण्यापूर्वी जुन्या गाडीच्या मीटरवरून गेल्या दोन-तीन वर्षांची धाव पाहावी. किमतीतील फरकाला दर किलोमीटरमागील बचतीने भागावे, म्हणजे फरक किती किलोमीटरनंतर भरून निघेल हे कळते. येणारे उत्तर आपल्या वापराच्या वर्षांत बसत नसेल, तर साधी, आटोपशीर गाडी घेऊन उरलेली रक्कम शिल्लक ठेवणेच श्रेयस्कर होय.