घरच्या लेथवरचं इंजिन – भाग ४ : पिस्टन कशाचा, सिलिंडर कशाचा?

मागच्या भागात माप ठरलं: सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर, स्ट्रोक १५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३ सीसी. इंजिन छोटं ‘डिझेल’. प्लग नाही, ठिणगी नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण नुसत्या दाबानं पेटायचं. दाब गळला की सगळंच संपलं, आणि पिस्टनवर रिंगाही नाहीत. त्यामुळे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट शतांश मिलिमीटरपेक्षाही कमी ठेवावी लागते.

थंड इंजिनात अशी फट साधणं कष्टाचं असलं तरी जमतं. खरी परीक्षा इंजिन तापल्यावर होते. सिलिंडरला बाहेरून वारा मिळतो, पिस्टन मात्र थेट जाळाखाली, म्हणून तो जास्त तापतो. सिलिंडर १२० अंशांनी आणि पिस्टन १८० अंशांनी तापला असं धरू. पोलादी सिलिंडर त्यात ०.०२३ मिलिमीटरनं रुंदावतो आणि बिडाचा पिस्टन ०.०३० नं फुगतो. फरक फक्त ०.००७. साध्या ॲल्युमिनियमचा पिस्टन मात्र ०.०६६ नं फुगेल! थंडपणी चपखल बसवलेला असा पिस्टन मिनिटभरात जाम होणार. आणि आधीच सैल ठेवला, तर इंजिन सुरूच होणार नाही. हलका पिस्टन हवा म्हणून ॲल्युमिनियमकडे वळणाऱ्या नवख्यांना हे गणित सहसा कुणी सांगत नाही.

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मॉडेल डिझेलांची लाट आली. १९४६ चं ‘मिल्स १.३’ हे त्यातलं गाजलेलं नाव. त्या काळापासून पोलादी सिलिंडर आणि बिडाचा पिस्टन ही जोडी रुळली, ती आजही हौशी कारागिराला सगळ्यात सोयीची आहे. बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. त्या घर्षण कमी करतात आणि तेलही धरून ठेवतात. मऊ पोलाद मऊ पोलादावर घासलं की ओरबाडतं. अमेरिकेच्या ‘कॉक्स’ कंपनीनं आपल्या ०.८ सीसीच्या इंजिनांत पोलादात पोलाद चालवलं खरं, पण त्यासाठी पिस्टनचा पृष्ठभाग कठीण करून घेतला. घरी कशाला ती उठाठेव?

सिलिंडरही बिडाचा का नको? चालेल, पण पातळ भिंत, तिच्यात कापलेले पोर्ट आणि वरचे आटे हे सगळं ठिसूळ बिडात सांभाळणं नकोसं होतं. शिसं घातलेलं, सहज कापलं जाणारं ईएन-१ए पोलाद बरं.

वेगवान ग्लो इंजिनांनी दुसरी वाट धरली: पितळी लायनर, त्याला आतून क्रोमचा मुलामा आणि भरपूर सिलिकॉन असलेल्या ॲल्युमिनियमचा पिस्टन. पितळ पोलादापेक्षा जास्त पसरतं आणि सिलिकॉनमुळे पिस्टन कमी फुगतो, त्यामुळे दोघांमधला फरक पुन्हा आवाक्यात येतो. पद्धत उत्तम आहे; पण आतून सारख्या जाडीचा क्रोम चढवून घेणं हे घरच्या कारखान्याचं काम नव्हे.

बीड आणायचं कुठून? कोल्हापूर–इचलकरंजी पट्ट्यात फौंड्र्यांची वाण नाही, तरी वाळूत ओतलेला कुठलाही तुकडा उचलू नये. त्याची वरची साल टणक असते, टूल बोथट करते, आणि आत कुठे पोकळी दडली असेल ते कापल्याशिवाय कळत नाही. सलग ओतलेली बिडाची सळई मिळाली तर तीच घ्यावी. तिचे कण बारीक आणि एकसारखे असतात.

लेथवरून उतरलेला तुकडा अजून पिस्टन नसतो. सिलिंडर आणि पिस्टन, दोन्हींना वेगवेगळं लॅपिंग करायचं: सिलिंडरला ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा लॅप, पिस्टनला बाहेरून कड्यासारखा. लॅप कामाच्या धातूपेक्षा मऊच हवा, म्हणजे पावडरचे कण लॅपमध्ये रुततात, कामात नाही. पेस्ट लावून पिस्टन थेट सिलिंडरमध्ये फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. त्यानं दोन्हींचा आकार बिघडतो आणि बिडात रुतलेले कण पुढे इंजिनलाच खात राहतात.

सिलिंडर खालच्या टोकाला किंचित, शतांश मिलिमीटरच्या आसपास, मोठा ठेवावा. रॉकेलनं दोन्ही भाग स्वच्छ धुऊन, तेलाचा थेंब लावून पिस्टन खालून सरकवायचा: सुरुवातीला तो अलगद चढला पाहिजे आणि वरच्या टोकाशी चांगलाच घट्ट व्हायला हवा. वरचं तोंड अंगठ्यानं बंद करून पिस्टन दाबला, तर तो हवेच्या दाबानं मागे उसळतो का तेही पाहावं. उसळला, तर पुढच्या भागात क्रँकशाफ्टला हात घालता येईल.