वटवाघूळ-प्रेरित सोनार

वटवाघूळ-प्रेरित सोनार ही फिरत्या यंत्रमानवाला प्रतिध्वनीच्या साहाय्याने मार्ग दाखवणारी पद्धती आहे. तिला प्रकाशाची गरज नसल्याने अंधार, धूर व धूळ यांतही ती उपयोगी पडते.

इतिहास

आंधळी केलेली वटवाघळेही अडथळे चुकवून उडतात, हे इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालांझानी यांनी १७९० च्या दशकात दाखवले. वटवाघळे माणसाला ऐकू न येणारा श्राव्यातीत ध्वनी काढतात, हे डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९३८ मध्ये सिद्ध केले. महाड-पोलादपूर परिसरातील झाडांवर दिवसा लटकणारी मोठी फळभक्षी वटवाघळे मुख्यतः दृष्टी व गंध यांवर विसंबतात. सोनारचा आदर्श आहे ती लहान कीटकभक्षी वटवाघळे.

कार्यपद्धती

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. प्रतिध्वनी १० मिलिसेकंदांनी परतल्यास ध्वनीचा जाण्या-येण्याचा प्रवास ३.४ मीटर, म्हणजे वस्तू सुमारे १.७ मीटरवर असते. दोन ‘कानां’त पोहोचणाऱ्या प्रतिध्वनींच्या वेळेतील व तीव्रतेतील फरकावरून दिशा कळते. भिंतीवरून एक ठळक, तर झुडपावरून अनेक विखुरलेले प्रतिध्वनी येतात. तेल अवीव विद्यापीठाच्या ‘रोबॅट’ या यंत्रमानवाने २०१८ मध्ये एक ध्वनिक्षेपक व दोन मायक्रोफोन यांच्या आधारे अनोळखी परिसराचा नकाशा तयार केला.

मर्यादा

श्राव्यातीत ध्वनी हवेत लवकर शोषला जातो, त्यामुळे त्याचा पल्ला थोडा असतो. गुळगुळीत भिंतीवर तिरका पडलेला ध्वनी दुसरीकडे परावर्तित होतो व भिंत यंत्राला जाणवत नाही.

आपत्तीतील उपयुक्तता

या पद्धतीची उपयुक्तता माध्यमावर अवलंबून असते. महाड व पोलादपूर तालुक्यांतील तीन आपत्तींवरून हे स्पष्ट होते.

* २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून एस.टी. बसगाड्या वाहून गेल्या. गढूळ पाण्यात कॅमेरा निरुपयोगी ठरतो. तेथे पाण्याखालील सोनार लागते. पाण्यात ध्वनीचा वेग हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक असतो.
* २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात पाचमजली इमारत कोसळली. अशा ढिगाऱ्यातील अंधाऱ्या, धुळीने भरलेल्या पोकळ्यांतून छोटे यंत्र पुढे नेण्यास हवेतील सोनार साहाय्यक ठरू शकते.
* २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये, तसेच पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथे दरडी कोसळल्या. हवेतील श्राव्यातीत ध्वनी मातीच्या पृष्ठभागावरूनच परत फिरतो. त्यामुळे मातीखाली गाडलेल्या माणसांच्या शोधास तो उपयोगी पडत नाही.