मुद्रणप्रतीतली मराठी : फॉन्ट, स्टाइल, रंग आणि चित्रे

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथे मराठी स्मरणिका अथवा कवितासंग्रह छापायला दिला, की अक्षरजुळणी करणाऱ्याचे रोजचे काम बहुधा हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगूचे असते. त्याच्या हाताला त्या लिपीची सवय आणि संगणकावरचे फॉन्टही त्याच कामाचे. यात त्याचा दोष नाही. पण मराठी पान मराठी दिसावे म्हणून नेमके काय मागायचे, हे लेखक-संपादकांना ठाऊक हवे.

सुरुवात ‘ऱ्य’पासून करू. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना. ‘दऱ्या’ डोंगरातल्या, ‘दर्या’ समुद्र. हिंदीला या रूपाची गरज नसल्याने हिंदीची सवय असलेला हात सहज रफार देऊन मोकळा होतो आणि अर्थच बदलतो. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त आणि ‘य’ जोडला, की हे अक्षर मिळते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ उमटतो. साध्या ‘र’ला हलन्त लावून मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घातले तरी तेच रूप दिसते, मात्र संगणकाच्या लेखी ते वेगळे असते. एका पुस्तकात दोन्ही पद्धती मिसळल्या, तर शब्द शोधताना निम्म्या जागा सुटतात. मुद्रितशोधन करणाऱ्याने हे आधी पाहावे.

जुन्या फाइलींची अडचण निराळी. युनिकोडपूर्वीच्या बहुतेक फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येक कंपनीची बसवणूक वेगळी. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की कवितेच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो. परिवर्तकाने ती युनिकोडमध्ये आणता येते, पण त्यानंतर एक वाचन अटळ आहे. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचेही तसेच क्रमांतर होते. चुका बहुधा याच दोन ठिकाणी राहतात.

मग येतात ‘ल’ आणि ‘श’. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने या अक्षरांची मराठी वळणे प्रमाण ठरवली. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’ला एकच संकेतांक आहे, वळण मराठी की हिंदी, हे फॉन्ट ठरवतो. ‘टिरो देवनागरी’ हा फॉन्ट याच कारणाने मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा तीन स्वतंत्र आवृत्त्यांत मिळतो. काही फॉन्टांत दोन्ही वळणे एकत्र असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली तरच मराठी वळण उमटते. हिंदी वळणाने वाचनाचे काही अडत नाही, हे खरे. पण घराबाहेर फारशी मराठी पाटी न दिसणाऱ्या मुलाच्या हाती आपण जे पुस्तक देतो, त्यात तरी मराठी वळण असावे, असे मला वाटते.

ही भाषेची नोंद करायची कुठे, तर पॅराग्राफ स्टाइलमध्ये. फॉन्ट, आकार, ओळींतले अंतर, समास आणि भाषा एकदा ठरवून त्या संचाला ‘मजकूर’, ‘शीर्षक’, ‘कविता’ अशी नावे द्यावीत. ऐनवेळी फॉन्ट बदलायचा ठरला तर एका जागी बदल केला की दोनशे पाने बदलतात. प्रत्येक ओळ निवडून हाताने आकार देणारा जुळारी पहिल्या दिवशी वेगवान वाटतो आणि तिसऱ्या दुरुस्तीला सगळ्यांना रडवतो. इनडिझाइनमध्ये याच स्टाइलमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. स्क्रायबस मोफत आहे, त्याच्या १.४ मालिकेत देवनागरी नीट जुळत नसे, १.६ मध्ये जुळते.

रंगांबाबत एकच आग्रह धरावा : मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा असावा. वर्डमधून किंवा चित्रातून आलेला काळा पुष्कळदा चार शाया मिळून बनतो. चार प्लेटी केसभर सरकल्या तरी शिरोरेषेला रंगीत कडा दिसतात, आणि शिरोरेषा तर ओळभर पसरलेली. रंगांनाही नावे देऊन यादी आटोपशीर ठेवली, तर असा पाहुणा काळा चटकन सापडतो.

चित्रे पानात दिसतात, पण बहुधा फाइलीत नसतात. तिथे असतो तो त्यांचा पत्ता. फोल्डर हलवले की पत्ता चुकतो आणि छपाईत धूसर प्रतिमा येते. म्हणून सारी चित्रे, फॉन्ट आणि मूळ फाइल एकाच फोल्डरात गोळा करून द्यावी. दोन्ही सॉफ्टवेअरांत तशी सोय आहे. छापील आकारात इंचाला ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे साडेतीन इंच रुंद छायाचित्राला १,०५० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर फोटो आकसून येतो, तेव्हा लेखकांकडून तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावा.

छापखान्याला शेवटी पीडीएफ द्यावी, तीही फॉन्ट अंतर्भूत असलेली. ती दुसऱ्या संगणकावर उघडून एक पान कागदावर काढावे आणि त्यातले ‘ऱ्य’, ‘ल’, ‘श’ आणि वेलांट्या डोळ्यांखालून घालाव्यात.