एक पदवी, अनेक विद्यापीठे

ज्ञानासाठी घर सोडणे गोमंतकाला नवे नाही. साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी १८९९ साली घर सोडले आणि पुणे, काशी, श्रीलंका, ब्रह्मदेश अशी पायपीट करीत ते पुढे थेट हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले. एका गुरूपाशी जे मिळाले नाही ते दुसऱ्या गुरूपाशी शोधायचे, हा त्यांचा क्रम होता. त्यांनी अनेक हाल सोसून जे केले, त्याला आज युरोपने रीतसर अभ्यासक्रमाचे रूप दिले आहे.

युरोपीय संघाने २००४ साली सुरू केलेली ‘इरॅस्मस मुंडुस’ ही ती योजना. तीन वा अधिक देशांतील किमान तीन शिक्षणसंस्था एकत्र येऊन एकच पदव्युत्तर अभ्यासक्रम आखतात. विद्यार्थ्याने स्वतःच्या देशाबाहेर निदान दोन देशांत प्रत्यक्ष राहून शिकले पाहिजे, असा दंडक आहे. एका विद्यापीठाने दिलेले श्रेयांक दुसरे मान्य करते आणि अखेरीस संयुक्त पदवी अथवा एकाहून अधिक पदव्या मिळतात. बेल्जियममधील घेंट विद्यापीठाच्या समन्वयाने आखलेला सागरी जैवसंपत्तीचा अभ्यासक्रम याच वळणाचा. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आज ज्या भूमीत, दोनापावल येथे, उभी आहे, तेथील तरुणांना या विषयाचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

प्रश्न पैशाचा, असे कोणी म्हणेल. वस्तुतः ज्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्यांना शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त चोवीस महिने मिळतात. निवड गुणवत्तेवर होते. बापाची जमीन किती, हे कोणी विचारत नाही. तथापि प्रवेश मिळणे आणि शिष्यवृत्ती मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद न उमगल्यामुळे, नुसत्या प्रवेशपत्राच्या आनंदात, घर गहाण टाकायला निघालेले पालक आमच्या पाहण्यात आहेत. दलालांचे फावते ते येथेच. अर्ज थेट अभ्यासक्रमाकडे करावयाचा असतो. त्यासाठी मध्यस्थाची मुळीच गरज नाही.

आमच्या मुलांत गुण नाहीत असे नाही. त्यांना वेळेवर सांगणारे कोणी नाही. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यान घेतले जातात आणि अध्ययन पुढच्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच तयारी हवी. निकाल हाती आल्यावर चौकशीला निघणाऱ्याचे एक वर्ष फुकट जाते. पेडणे, सत्तरी, काणकोणच्या विद्यार्थ्याला हे त्याच्या महाविद्यालयातच कळावयास नको काय? एक जाणता प्राध्यापक या कामी नेमण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. परतल्यावर पदवीच्या समकक्षतेचा प्रश्न येतोच. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली नवे विनियम केले आहेत. त्यांची माहितीही जाण्यापूर्वी द्यावयास हवी, परतल्यानंतर नव्हे.

गेलेली मुले परत येतील काय, ही शंका रास्त आहे. पण दार बंद करणे हे तिचे उत्तर नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी कोसंबींना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, एवढ्या अटीवर. त्या राजाने विद्वानाला अडवले नाही. त्याच्यासाठी येथे काम निर्माण केले. युरोपातून शिकून येणाऱ्यांसाठी आमच्या विद्यापीठात, संशोधनसंस्थांत आणि शासनात असे काम तयार आहे काय? ते असेल तर मुले परततील. नसेल तर त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला उरणार नाही.