पंचनाम्यावर सही करण्याआधी

रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला गेलेला माणूस शॉक लागून जातो. कुणी विहिरीत सापडतो, कुणाला कांद्याच्या चाळीत पान लागतं. घरावर आभाळ कोसळलेलं असतं, त्यातच भाऊबंद म्हणतात, ‘पोलिसांची कटकट नको, उरकून टाकू.’ मंडळी, इथंच घात होतो!

मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी कॉरोनर करीत. १८७१ च्या कायद्यातलं ते पद १९९९ मध्ये रद्द झालं. आपल्या नाशिक जिल्ह्यात कॉरोनर नव्हताच, इथं हे काम पोलिसांचं. पोलीस पाटलानं खबर दिली की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि पोलीस येऊन गावातल्या किमान दोन पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. पूर्वी याला फौजदारी संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४ आहे. अहवाल आता २४ तासांत दंडाधिकाऱ्यांकडं जायला हवा. मृत्यूच्या कारणाबद्दल शंका असली की शवविच्छेदन आलंच. सायंकाळी ग्रामीण रुग्णालयात पोचलात तर प्रेत ताब्यात मिळायला सकाळ उजाडू शकते, तेवढा धीर धरा.

आता खरी गोम. द्राक्षबागेत फवारताना विषबाधा होऊन माणूस दगावला आणि पंचनाम्यात घाईघाईनं ‘विषारी औषध प्राशन’ असं पडलं, तर तो अपघात राहत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात, आत्महत्येला नाहीत. आत्महत्याच असेल तर लपवू नका. तिच्यासाठी वेगळी मदत आहे, पात्र ठरल्यास १ लाख. पण जे घडलं तेच कागदावर यावं. पंप, बाटली, हातमोजे जिथं होते तिथंच राहू द्या. पंचनामा वाचून दाखवायला सांगा. आणि पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या सरपंच-सदस्यांनो, कोऱ्या कागदावर सही करू नका. तुमच्या त्या सहीवर एका घराचं पुढचं सगळं अवलंबून असतं.

व्हिसेरा राखून ठेवला असेल तर प्रयोगशाळेच्या अहवालाला महिने लागतात. योजनेचा अर्ज मात्र ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं द्यायचा असतो. तेव्हा अहवालासाठी थांबू नका. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, सातबारा, वारसाची नोंद आणि पंचनाम्याची नक्कल जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या.